आजी कुठे गेली? ‘द लिटिल मर्मेड’ आणि अँडरसनची जलपरी

मीनाक्षर

डिस्नेचा १९८९ सालचा ‘द लिटिल मर्मेड’ मागच्या आठवड्यात आठ वर्षांच्या भाचीबरोबर पुन्हा पाहिला आणि दोन दिवसांनी, तिच्याच हट्टापायी, हान्स क्रिश्चन अँडरसनची मूळ गोष्ट तिला वाचून दाखवली. गोष्ट संपल्यावर ती रडेल अशी माझी अटकळ होती. ती रडली नाही. ‘मग सिनेमात हिची आजी कुठे गेली?’ एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही, म्हणून चर्चेसाठी हा धागा.

या चित्रपटाबद्दल सहसा एकच तक्रार केली जाते, ती म्हणजे त्याने शोकान्त गोष्ट सुखान्त केली. (मूळ कथेत जलपरी बुडत्या राजपुत्राला वाचवते, चेटकिणीला जीभ देऊन पाय मिळवते, पण तो दुसरीशीच लग्न करतो.) ही तक्रार मला वरवरची वाटते. अँडरसनने ७ एप्रिल १८३७ रोजी कोपनहेगनमध्ये, नागड्या राजाच्या नव्या कपड्यांच्या गोष्टीसोबत एकाच पुस्तिकेत प्रसिद्ध केलेल्या या कथेत जलपरीची तगमग केवळ राजपुत्रापाशी थांबत नाही. सहा बहिणींतली ही धाकटी आजीला विचारते की, माणसे बुडाली नाहीत तर ती कायमची जगतात का? आजी सांगते की, माणसेही मरतात, आपल्यापेक्षा लवकर मरतात. आपण तीनशे वर्षे जगतो आणि शेवटी समुद्राचा फेस होऊन जातो, माणसाचा आत्मा मात्र मागे उरतो. त्यावर नात म्हणते की, एकच दिवस माणूस होऊन त्या पलीकडच्या जगात वाटा मिळणार असेल, तर माझी सगळी तीनशे वर्षे मी देऊन टाकीन. राजपुत्र तिला आवडतो यात शंका नाही, पण तिची मागणी त्याच्याहून बरीच मोठी आहे.

चित्रपटाने हा संवाद काढला आणि ज्या तोंडून तो होतो ती आजीही काढली. तिच्या जागी नायिकेचा बाप, राजा ट्रायटन आला. मूळ गोष्टीतला राजा विधुर आहे आणि तो असून नसल्यासारखाच आहे. घर चालवते ती त्याची म्हातारी आई. ती स्वतःच्या शेपटीवर बारा कालवे, म्हणजे शिंपले, मिरवते (बाकीच्या सरदारणींना सहाच घालता येतात), नात पंधरा वर्षांची झाल्यावर तिच्या शेपटीला आठ कालवे घट्ट चिकटवते आणि ती ‘दुखतंय’ म्हणाली की नटायचे तर सोसावे लागते, असे सुनावते. ही बाई कुणा एका घराण्यातली वाटतच नाही, इतकी ती सगळ्या घरांत असते.

बहिणींची गत तीच. कथेत पाच थोरल्या बहिणी आपापल्या पंधराव्या वाढदिवसानंतर पृष्ठभागावर जाऊन येतात आणि पाहिलेले जग धाकटीला सांगतात. पुढे तिच्यावर प्रसंग येतो तेव्हा स्वतःचे केस कापून चेटकिणीला देतात आणि त्या बदल्यात तिला वाचवणारी सुरी आणतात. चित्रपटात सहा बहिणी आहेत, दरबारातल्या एका कार्यक्रमात त्या गाणे म्हणतात आणि त्यानंतर जवळजवळ दिसत नाहीत. चित्रपटातल्या जलपरीला, एरियलला, हवे ते शेवटी मिळते कसे? राजपुत्र एरिक बुडालेल्या गलबताचे मोडके टोक चेटकीण उर्सुलाच्या शरीरात घुसवतो आणि ट्रायटन आपल्या त्रिशूळाने मुलीला पाय देतो. होणाऱ्या नवऱ्याने शत्रू मारला, बापाने परवानगी दिली. आयुष्याकडे काय मागावे, हा अँडरसनचा प्रश्न होता; चित्रपटात बाबा हो म्हणतील का, एवढाच उरला. या सगळ्याला आपण ‘मुलांसाठी सोपे केले’ असे म्हणतो. माझ्या भाचीला तरी ते सोपे वाटले नाही, तिला ते अपुरे वाटले.

दर्यावर्दी

धागा आवडला, मुद्दा पटला नाही.

आजीबद्दल आपण एवढ्या जिव्हाळ्याने लिहिले आहे, पण आत्म्याची माहिती दिल्यावर लगेच ती नातीला काय सांगते, हे सोडून दिलेत. ‘असला विचार मनात आणू नकोस, आपण वरच्या माणसांपेक्षा कितीतरी सुखी आहोत’, असे तिचे म्हणणे आहे. हे ट्रायटनच्या म्हणण्याहून फारसे वेगळे नाही. दोन पात्रांचे काम एकाकडे सोपवणे ही पटकथेतली साधी काटकसर आहे आणि सुमारे ऐंशी मिनिटांच्या चित्रपटात ती करावीच लागते. शिवाय ट्रायटन बदलतो. मुलीच्या वस्तुसंग्रहाचा संतापाने चुराडा करणारा हाच बाप नंतर तिच्या करारावर (आवाजाच्या बदल्यात तीन दिवस माणूस होण्याचा, उर्सुलाशी केलेला) तिच्या नावाऐवजी आपले नाव घालून घेतो आणि स्वतः उर्सुलाच्या तावडीत जातो. अँडरसनच्या आजीला असा एकही प्रसंग मिळालेला नाही.

दुसरे असे की, एरियलला फक्त राजपुत्र हवा होता हे खरे नाही. माणसांच्या जगात जाण्याची आस सांगणारे तिचे प्रसिद्ध गाणे ती एरिकला पाहण्याच्या आधी म्हणते. तिच्या गुहेत काटे-चमचे, घड्याळे आणि पुस्तके साठवलेली आहेत. पुस्तकांतून उत्तरे हवी असलेली मुलगी आहे ती. ‘आत्मा’ हा शब्द नसला म्हणून जिज्ञासा नाहीशी झाली असे कसे म्हणता येईल?

आणि मूळ कथेतल्या जलपरीची राजवाड्यातली अवस्था आपण सोयीस्करपणे टाळलीत. ती राजपुत्राच्या दाराशी मखमली गादीवर झोपते. तो तिला ‘माझी सापडलेली पोर’ म्हणून कुरवाळतो आणि घोड्यावरून रपेट करताना बरोबर यावी म्हणून तिला सेवक-पोराचे कपडे शिवून देतो. प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्याच्या वेदना होत असताना ती त्याच्यासाठी नाचते. हे वाचून मला कधीही उदात्त वाटलेले नाही. एखाद्या आवडत्या मांजरीचे वर्णन वाचल्यासारखे वाटते. याउलट एरियल वादळात एरिकला ओढून किनाऱ्यावर आणते (हे दोन्हीकडे आहे), आणि अखेरच्या झटापटीत उर्सुला एरिकवर नेम धरते तेव्हा तिचे केस मागे खेचून तो नेम चुकवते. शेवटचा घाव एरिकचा आहे हे मान्य, पण तोवर एरिक जिवंत राहिला तो कुणामुळे?

आता शेवटाकडे येतो. जलपरी फेस होते आणि गोष्ट संपते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती ‘वायुकन्या’ होते आणि तीनशे वर्षे सत्कृत्ये केल्यावर तिला आत्मा मिळेल, असे तिला सांगण्यात येते. त्याला एक पुरवणीही जोडलेली आहे: घरात गुणी मूल दिसले तर या मुदतीतले एक वर्ष कमी होते आणि खोडकर मूल पाहून जो अश्रू गळतो, त्या प्रत्येक अश्रूमागे एक दिवस वाढतो. म्हणजे रात्री गोष्ट ऐकणाऱ्या मुलाने उद्या दूध सांडले तर जलपरीची शिक्षा वाढणार. मुलांना याहून वाईट रीतीने वेठीला धरणारा शेवट मी तरी वाचलेला नाही. तो काढून टाकल्याबद्दल मी डिस्नेचा आभारी आहे.

राहता राहिला निष्ठेचा प्रश्न. फुके या जर्मन लेखकाच्या १८११ सालच्या ‘उंडीने’ या कथेत जलकन्येला सरदाराशी लग्न केल्यामुळे आत्मा मिळतो. अँडरसनला ते खटकले. दुसऱ्या कुणाच्या प्रेमावर आपल्या नायिकेचा आत्मा अवलंबून ठेवणे चूक आहे, असे त्याने फेब्रुवारी १८३७मध्ये आपला कविमित्र इंगेमान याला पत्रात कळवले आणि त्याने गोष्ट फिरवली. हाती आलेली कथा आपल्या काळाला आणि आपल्या मताला मानवेल अशी वळवण्याचा हक्क त्याला होता, तर दीडशे वर्षांनंतरच्या मंडळींना का नसावा?

खडूस वाचक

एक क्षुल्लक शंका. एरियल उर्सुलाच्या करारावर स्वतःच्या हाताने सही करते. म्हणजे तिला लिहिता येते. मग तीन दिवसांत तिने एरिकला एक चिठ्ठी का लिहिली नाही? अँडरसनने करार आणि सही या भानगडी ठेवल्याच नाहीत, त्यामुळे त्याच्यावर हा आळ येत नाही. जुने लेखक तसे हुशार असत.

अनुस्वार

दोन्ही बाजूंच्या प्रतिसादांत ‘आत्मा’ हा शब्द फार सहज वापरला गेला आहे. मला तिथेच अडखळायला होते.

अँडरसनच्या कथेचा सगळा डोलारा एका ख्रिस्ती गृहीतकावर उभा आहे: अमर आत्मा माणसाला असतो आणि इतर जीवांना नसतो. मराठी अनुवादात त्या जागी ‘आत्मा’ येतो आणि आपल्या घरातल्या मुलाला तो वेगळाच ऐकू येतो. त्याने रेड्याच्या मुखातून वेद वदवणाऱ्या ज्ञानेश्वरांची गोष्ट ऐकलेली असते, मुंगीवर पाय देऊ नकोस, तिलाही जीव आहे, हे आजीकडून ऐकलेले असते. त्याला जलपरीला आत्मा नाही हे वाक्यच लागत नाही. मी शाळकरी वयात ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मला वाटले होते की आजीला माहिती चुकीची मिळाली आहे. जलपरी मेल्यावर पुन्हा कुठेतरी जन्माला येईलच, त्यासाठी जीभ कापून देण्याची काय गरज! फेस होऊन समुद्रात मिसळणे ही शिक्षा आहे, हेही मला समजले नव्हते. आपल्याकडे ज्या कल्पनेसाठी संत तळमळतात, त्याच्या फार जवळचे ते चित्र आहे.

म्हणून दर्यावर्दी यांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. जगभर जाणाऱ्या कौटुंबिक चित्रपटात हे गृहीतक तसेच ठेवले असते, तर निम्म्या प्रेक्षकांना नायिकेची तळमळ परकी राहिली असती. दुसऱ्यांच्या जगात जाऊन राहण्याची ओढ मात्र कुणालाही कळते. कोकणातून मुंबईला निघालेल्या मुलीलाही आणि पुण्यातून अमेरिकेला निघालेल्या मुलालाही.

जाता जाता एक गंमत. आत्मे चित्रपटातून पुरते गेलेले नाहीत. उर्सुला आपल्या गाण्यात करार चुकलेल्या जीवांना ‘बिचारे दुर्दैवी आत्मे’ म्हणूनच हिणवते, आणि वाळून आक्रसलेल्या त्या जीवांची तिच्या गुहेच्या तोंडाशी बागच आहे. अँडरसनच्या चेटकिणीकडे जाणाऱ्या वाटेवरही येणाऱ्याला पकडणाऱ्या जिवंत वनस्पतींचे रान आहे. म्हणजे ज्याच्यासाठी मूळ नायिका प्राण द्यायला निघते, तो शब्द चित्रपटात खलनायिकेच्या तोंडी व्यापाराची वस्तू म्हणून शिल्लक राहिला आहे.

तिसरी घंटा

इतका वेळ चर्चा अशी चालली आहे की जणू हा चित्रपट म्हणजे कथेचा सारांश आहे. तो संगीतिका आहे, आणि या एका गोष्टीमुळे कथेतला सर्वांत महत्त्वाचा बदल घडला आहे.

१९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’नंतर डिस्नेने तीस वर्षे परीकथेवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला नव्हता. १९८९मध्ये तो केला तेव्हा दिग्दर्शक जॉन मस्कर आणि रॉन क्लेमेंट्स यांच्या जोडीला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेले दोघे होते: गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकेन. ॲशमन या चित्रपटाचा सहनिर्माताही होता. संगीत नाटकात पात्र गाऊ लागते ते बोलणे पुरेनासे होते तेव्हा, हे आपल्याला सांगायला नको. किर्लोस्करांपासून आपण तेच पाहत आलो आहोत. संगीतिकेतल्या नायिकेचा आवाज काढून घेणे म्हणजे तिला रंगमंचावर ठेवून तिचे अस्तित्व काढून घेणे होय. चित्रपटाच्या उत्तरार्धात एरियल पडद्यावर असते, पण गाणी इतरांकडे जातात. नौकाविहाराच्या प्रसंगात तिच्या वतीने खेकडा गातो. ही पोकळी प्रेक्षकाला कानाने जाणवते. कागदावर ‘तिची जीभ कापली’ हे वाक्य भयंकर आहेच, पण कागदावर ती आधीही गात असलेली ऐकू येत नव्हती.

आणखी एक बारकावा आहे. अँडरसनच्या राजपुत्राने तिचा आवाज ऐकलेलाच नसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला दिसते ती देवळातली मुलगी, आणि तिनेच आपल्याला वाचवले असे तो समजतो. चित्रपटात एरिकला चेहरा आठवत नाही, गाणे आठवते. त्यामुळे एरियल जे विकते तीच तिची ओळख ठरते, आणि उर्सुला तोच आवाज शंखात बांधून दुसऱ्या रूपात किनाऱ्यावर येते तेव्हा एरिक फसतो. कथेची वीण या एका युक्तीने किती घट्ट झाली आहे पाहा.

एरियलचे ते गाणे मुलांना कंटाळवाणे वाटेल म्हणून कापण्याच्या बेतात होते आणि ॲशमनने ते कापू दिले नाही. चित्रपटाला मूळ संगीतासाठी आणि गीतासाठी अशी दोन ऑस्कर मिळाली. पुढच्याच वर्षी, मार्च १९९१मध्ये, ॲशमन एड्सने वारला, चाळिसाव्या वर्षी. हा तपशील मी भावनेला हात घालण्यासाठी देत नाही. आवाज गमावलेल्या आणि दुसऱ्यांच्या जगात जागा शोधणाऱ्या पात्राबद्दल त्याला काही कमी कळत होते, असे मला वाटत नाही, एवढेच सांगायचे आहे.

मीनाक्षर

तिसरी घंटा, आवाजाचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. ती जागा माझ्याकडून निसटली होती. शंखातला आवाज परत मिळू शकतो आणि कापलेली जीभ परत मिळत नाही, असे मी लिहिणार होते. पण आपले विवेचन वाचल्यावर तो युक्तिवाद मला पोकळ वाटला.

अनुस्वार यांच्या प्रतिसादाने मला विचारात पाडले. तरीही एक विचारते: परकी वाटते म्हणून एखादी कल्पना काढून टाकायची, तर मुलांनी परक्या देशाची गोष्ट वाचायची कशासाठी? ‘आजीला माहिती चुकीची मिळाली आहे’ हा आपल्या शाळकरी मनात आलेला विचार किती मोलाचा होता! तो विचार येण्यासाठी आजी गोष्टीत असावी लागते.

दर्यावर्दी, दूध सांडण्याच्या पुरवणीबद्दल आपल्याशी भांडण नाही. वाचून दाखवताना तो परिच्छेद मी स्वतःच गाळला, हे कबूल करून टाकते. मखमली गादीबद्दल मात्र भांडेन. तो अपमान अँडरसनला दिसत नव्हता असे आपण धरून चालला आहात; मला वाटते त्याला तो नेमका दिसत होता. राजपुत्र दुष्ट नाही, हीच त्या प्रसंगांची धार आहे. तो प्रेमळ आहे, उदार आहे, आणि समोरच्या व्यक्तीला काही म्हणायचे असेल हे त्याच्या गावीही नाही. चेटकीणसुद्धा फसवत नाही. ती आधीच सांगते की हा तुझा मूर्खपणा आहे, यातून तुला दुःखच मिळेल. पायांत काय वेदना होतील, परतीचा मार्ग कसा बंद होईल, राजपुत्राने दुसरीशी लग्न केले तर दुसऱ्या दिवशी पहाटे काय होईल, सगळे उघड सांगून ती किंमत घेते. या गोष्टीत खलनायक नाही. सगळे आपापल्या परीने सरळ वागतात आणि तरी एका मुलीचे वाटोळे होते. चित्रपटाला हे झेपले नाही, म्हणून त्याला कपट करणारी उर्सुला लागली. एकदा ती आली की तिला मारणारा कुणीतरी लागतो, मग मोडके गलबत लागते, आणि आजीला जागाच उरत नाही. माझ्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हे असावे.

खडूस वाचक

चिठ्ठीचे उत्तर अजून आले नाही.

चिमणीचे घर

उर्सुला ही पडद्यावरची फार जिवंत बाई आहे, हे विसरू नका. तिला बाद करणारा चित्रपट मी तरी तिकीट काढून पाहिला नसता.

मुलांच्या गोष्टींचे शेवट बदलण्याबद्दल आपण एवढे कडक होण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या शेणाच्या घरातल्या कावळ्याचे काय झाले? माझ्या आजीच्या गोष्टीत चिमणी त्याला तापलेल्या तव्यावर बसवायची. मी माझ्या मुलाला सांगते तेव्हा कावळा पावसातून भिजत दुसऱ्या झाडावर जातो. माझ्या हातून ती गोष्ट बिघडली असे मला कधीच वाटले नाही. आपण सगळेच घरच्या घरी थोडेफार डिस्ने असतो.

दर्यावर्दी

कावळ्याच्या उदाहरणाबद्दल आभार; माझी बाजू मला जमली नसती इतक्या थोडक्यात मांडलीत.

मीनाक्षर यांच्या खलनायकाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचा पुरावा मीच देतो. १९७५ साली जपानच्या तोएई कंपनीने याच कथेवर मुलांसाठी पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला आणि त्यात दुःखी शेवट कायम ठेवला. लहान मुले तो झेलू शकत नाहीत असे त्यांना वाटले नाही. हायाओ मियाझाकीचा २००८चा ‘पोन्यो’ याच कथेतून निघाला आहे, आणि त्यात शेवट सुखाचा असूनही खलनायक नाही. पोन्यो या मासोळी-मुलीचा बाप माणसांवर चिडलेला आहे, पण तो वाईट नाही. तिची आई समुद्राएवढी मोठी आहे. आणि फेस होण्याची भीतीही शिल्लक आहे. पाच वर्षांच्या सोसुके या मुलाने तिला ती जशी आहे तशी स्वीकारले नाही तर ती फेस होणार, असे स्पष्ट सांगितले जाते. शिवाय त्या चित्रपटात वृद्धाश्रमातल्या चाकाच्या खुर्चीवरच्या आज्या आहेत, आणि त्या नुसत्या शोभेला नाहीत. आपल्या भाचीला तो दाखवा.

तेव्हा ‘सुखान्त करायचा तर दुसरा मार्गच नव्हता’ असा माझा सूर होता, तो मी मागे घेतो. डिस्नेने तो मार्ग घेतला नाही म्हणून चित्रपट खोटा ठरतो, हे मात्र अजूनही मान्य नाही.

मीनाक्षर

‘पोन्यो’ काल रात्री पाहिला. आज्यांना पूर्ण गुण मिळाले. बापाच्या केसांना मात्र भाची बराच वेळ हसत होती.

निजताना तिने अँडरसनच्या गोष्टीतला बहिणी केस कापून येतात तो भाग पुन्हा वाचायला लावला. या वेळी मी पहिल्यांदा नीट पाहिले: सुरी देताना बहिणी सांगतात की, आमचे केस चेटकिणीच्या कात्रीने गेले, आणि आपल्या म्हाताऱ्या आजीचे पांढरे केस तुझ्या दुःखाने गळून पडले. एवढे एकच वाक्य आहे. दर्यावर्दी, तिला एकही प्रसंग मिळाला नाही असे आपण लिहिले होते, म्हणून नोंदवून ठेवते.